सांतानची आंघोळ

देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवर, जिथे एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र, तिथे सांतान एकटाच राहायचा. दारूबंदीच्या त्या वर्षांत तो माडांच्या आडोशाला हातभट्टी लावायचा आणि गाळलेली निम्मी स्वतःच प्यायचा. पोटात पाणी होऊन तो अंथरुणाला खिळला तेव्हा शेजाऱ्यांनीही त्याच्या झोपडीची वाट सोडली.

ईस्टरच्या आधीचे उपासाचे दिवस होते. उन्हं कलायला लागली होती. इनासमास्तर सांतानकडे निघाले होते, पण मनापासून नव्हे. लिगोर पाद्रींनी निरोप धाडला होता: "मी वेंगुर्ल्याहून येईपर्यंत सांतानपाशी बसा. घोटभर पाणी पाजा. त्याच्यासाठी प्रार्थना करा."

इनासमास्तर म्हणजे चॅपलचा खांब. मुलांना प्रार्थना शिकवायचे, उपास कडकडीत पाळायचे, दारूला कधी शिवले नव्हते. बोलायचे ते शुद्ध पुस्तकी मराठीत. गावची बोली त्यांना गबाळी वाटे. नाताळच्या मिस्साला, म्हणजे चॅपलातल्या प्रार्थनेला, सांतान दारात येऊन उभा राहिला होता, तेव्हा मास्तरांनीच काठीने त्याला पायरीखाली ढकललं होतं. "देवाचं घर आहे हे. उकिरडा नव्हे."

वाटेत खतासाठी मासळी वाळत घातली होती. मास्तरांनी कोलनवॉटर शिंपडलेला रुमाल नाकाला लावला. झोपडीच्या दारात पोचले आणि कळलं, की ती मासळी बरी होती.

आत सांतान चटईवर पडला होता. पोट घागरीसारखं फुगलेलं, पायांवर चिघळलेल्या जखमा, त्यांवर माशांचा काळा थर. चटईखालून काहीतरी ओघळून दारापर्यंत आलं होतं आणि वाळून त्यावर साय धरली होती. मास्तरांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं.

"कोण आसा?"

"मी. इनासमास्तर. पाद्रींनी पाठवलं."

"पाणी दी माका, मास्तर..."

मास्तरांनी करवंटीत पाणी घेतलं आणि हात लांब करून वरूनच सोडलं. थोडं तोंडात गेलं, बाकीचं छातीवर. सांतानने ओठ चाटले.

"माका शिवा नको. फकत इतक्याच म्हणा... देवा, ह्या पाप्यार दया कर."

"ते तू म्हण," मास्तर म्हणाले. "पाप तुझं आहे."

मास्तर दारातच, वाऱ्याच्या अंगाला उभे राहिले आणि घसा साफ करून त्यांनी प्रार्थना सुरू केली. आवाज खणखणीत होता. देवाने आपल्याला या चिखलापासून दूर ठेवलं याबद्दल त्यांनी आधी आभार मानले, मग सांतानच्या पापांचा पाढा वाचला.

तेवढ्यात घाण वास आला. पोट फुटलेल्या, उन्हात सडलेल्या मासळीसारखा. मास्तरांनी रुमाल घट्ट दाबला, तर वास रुमालाच्या आत होता.

ते बोलायचे थांबले. वास थांबला.

"हे प्रभू..." ते म्हणाले, आणि तो पुन्हा आला, तोंडातून, जिभेच्या मुळापासून. त्यांनी तळहात तोंडापुढे धरून फुंकर मारली आणि त्यांना मळमळून आलं. जिभेवर काहीतरी मऊ हललं. ते थुंकले. वाळूवर पडलेल्या थुंकीत एक पांढरी अळी वळवळत होती.

मास्तर धावत समुद्रावर गेले. ओंजळी ओंजळी खारं पाणी घेऊन चुळा भरल्या, बोटांनी जीभ खरवडली. मग मुलांना शिकवायची ती पहिलीच प्रार्थना म्हणायला गेले. "हे आमच्या बापा..." दोन अळ्या. तोंड मिटलं की काही नाही. देवाचं नाव घेतलं की सडका भपका आणि ते वळवळणं. लाटेने त्या अळ्या नेल्या, पण जिभेवरचा स्पर्श गेला नाही.

"मास्तर..." झोपडीतून क्षीण हाक आली. "मास्तर, येतलास मा?"

त्यांना पळून जायचं होतं. पण आसपास दुसरं माणूस नव्हतं, आणि ते तोंड घेऊन जाणार तरी कुठे? ते परत फिरले. दारात पोचले तेव्हा सांतान संपला होता. माश्या आता पायांवरून उठून चेहऱ्यावर बसल्या होत्या. तो चेहरा ओकारीने आणि लाळेने इतका माखला होता की नाकडोळे ओळखू येत नव्हते.

का कोण जाणे, मास्तरांनी रुमाल पाण्यात बुडवला आणि पुढे वाकून कपाळ पुसलं. मग भुवई. मग गाल.

घाणीखाली इनासमास्तरांचा चेहरा होता.

तेच रुंद कपाळ, भुवईपाशी तोच तीळ, नीट कातरलेली तीच मिशी. आरशात रोज सकाळी दिसायची तशी. ओठ अर्धवट उघडे होते आणि आतून तोच वास येत होता.

मास्तरांचे गुडघे त्या वाळलेल्या घाणीत टेकले. ओरडायला तोंड उघडवेना. खूप वेळाने, भीत भीत, ओठ न हलवल्यासारखे ते पुटपुटले. शब्द आले ते त्यांच्या आईच्या बोलीत:

"देवा... ह्या पाप्यार दया कर."

वास आला नाही. जिभेवर काही हललं नाही.

मास्तर रडले. मग उठले, माठ ओढून घेतला, अंगातला धुतलेला सदरा काढून फाडला आणि त्या चिंध्यांनी ते प्रेत धुवायला घेतलं. किळस जराही कमी झाली नव्हती. जखमांतला पू पुसताना ते दोनदा बाहेर जाऊन ओकले आणि परत आले. "माझ्यान जमाचा नाय, देवा. तूच हात धर," असं म्हणत एकेक बोट, एकेक घडी, सगळं अंग धुतलं. फक्त चेहऱ्याकडे पाहिलं नाही.

कातरवेळी लिगोर पाद्री कंदील घेऊन आले, सोबत दोघे-तिघे. उघड्या अंगाचे मास्तर प्रेताजवळ बसलेले पाहून ते दारातच थबकले.

"पाद्रीबाब," मास्तर म्हणाले, "ह्यो कोण?"

पाद्रींनी कंदील चेहऱ्याशी नेला. "कोण म्हणजे? सांतान. बिचाऱ्याचा चेहरा किती शांत झालाय."

मास्तरांनी मान वळवून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चॅपलच्या आवारात पुरायची वेळ झाली तेव्हा निरोप मिळून आचऱ्याहून बैलगाडीने एक म्हातारी आली. सांतानची आई. दोन्ही डोळ्यांनी आंधळी. पोरगा दारूपायी वाहवला तेव्हापासून तिची आणि त्याची भेट नव्हती. लोकांनी तिला पेटीशी नेऊन बसवलं. तिने हात पुढे केला, प्रेताच्या कपाळावरून, नाकावरून, ओठांवरून सावकाश बोटं फिरवली.

"ह्यो माझो झील न्हय," म्हातारी म्हणाली.

"माय, सांतानच तो," पाद्री हळूच म्हणाले. "आजाराने उतरलाय."

"माझ्या पोटचो माका कळाचो नाय?" ती उठली. हातांनी चाचपडत बायकांना, पुरुषांना बाजूला सारत पुढे आली आणि मास्तरांपाशी थांबली. तिची खरखरीत बोटं त्यांच्या कपाळावर आली, भुवयांवर आली, गालांवरून खाली उतरली. तोंडाचं बोळकं एकदम हसलं.

"सांतान! आसस मा रे? हे काय सांगी होते माका..."

कोणीतरी तिला आवरायला पुढे झालं. कालपर्यंत असल्या मळक्या हातांना मास्तरांनी झटकून टाकलं असतं. आज त्यांनी ते हात दोन्ही हातांत धरले.

"आसंय गो, माय," ते म्हणाले. "चल, घराक जावया."

तिला धरून ते फाटकाकडे चालू लागले. मागे पेटीचं झाकण लावताना, आतला चेहरा पाहून, कोणीतरी दबकी किंकाळी फोडली, आणि पाठोपाठ खिळे ठोकल्याचे घाईघाईचे आवाज आले. मास्तरांनी मागे वळून पाहिलं नाही.