शेवटची पट्टी

सगळे माग एकदम थांबले की कसा आवाज होतो, तो मी तरुणपणी एकदा ऐकलाय. आवाज म्हणजे खरं तर आवाज नसणंच. दिवसभर आडवं सूत नेणारे धोटे इकडून तिकडे धावत असायचे, त्या खटाखटीने जमीनसुद्धा थरथरायची. त्या दुपारी वीज गेली. धोटे जागच्या जागी अडकले, आणि त्या भल्यामोठ्या शांततेत एका मुलीचा आवाज एकटाच उरला. माग चालूच आहेत असं समजून ती मैत्रिणीला ओरडून सांगत होती, "तो मौनी बघ, कांड्या मागायला परत आलाय. एवढ्या कांड्या खातो की काय!"

सगळी शेड हसली. मौनी म्हणजे मी. कमी बोलायचो म्हणून ते नाव पडलं होतं. धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायचं काम तिचं, त्यामुळे मला सारखं तिच्याकडे जावं लागायचं. म्हणजे लागायचं असं मी म्हणायचो.

मागावर काम केलेली माणसं गळ्याने बोलत नाहीत. ओठ हलवतात आणि समोरचा ओठ वाचतो. ती नवीन होती, तिची ओरडायची सवय अजून गेली नव्हती. आमचं ओठांनी बोलणं चांगलं चालू होतं, पण तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. बारीक. ताणलेल्या सुताला नख लावावं तसा.

पुढे तिच्याशीच लग्न झालं.

तुम्ही समोर बसलात ते बरं केलंत. बोलताना फक्त तोंडावर हात ठेवू नका. माझे कान आता कामाचे नाहीत. मागाने ते हळूहळू खाल्ले. आधी बारीक आवाज गेले, पाखरांचे, मग लेकीच्या पैंजणांचा, मग बायकोचा. वाईट वाटलं नाही असं नाही, पण अडलं काही नाही. ती समोर येऊन बोलायची, मी ओठ वाचायचो. लेक म्हणायची, आई-बाबांचं भांडणसुद्धा शेजाऱ्यांना ऐकू जात नाही.

अडलं ते मागच्या वर्षी. ही न्हाणीघरात पाय घसरून पडली. आतून हाका मारत होती आणि मी पलीकडच्या खोलीत शांतपणे भाजी निवडत बसलो होतो. भाजी निवडून झाली, पातेलं आत ठेवायला गेलो, तेव्हा दिसली. मांडीचं हाड मोडलं होतं. तिचा घसा पार बसलाय, हे लेकीने सांगितलं. किती वेळ ओरडली असेल ते मी विचारलं नाही.

ती काठी घेऊन हिंडायफिरायला लागली तेव्हा लेक एक डबी घेऊन आली. काडेपेटीएवढी, काळी, कॉलरला अडकवायची. तिला हेडफोन जोडायचे. फोन आईच्या गाऊनच्या खिशात ठेवायचा. आई घरात कुठेही बोलली की फोन ते ऐकणार, ब्लूटूथवरून डबीला देणार आणि डबी ते मोठं करून माझ्या कानात सोडणार. डबीवर नखाएवढा पडदा होता आणि त्यात पाच उभ्या पट्ट्या. लेक म्हणाली, हा इक्वलायझर. पहिली पट्टी सगळ्यात जाड आवाजाची, शेवटची सगळ्यात बारीक आवाजाची. तिने जाड पट्ट्या खाली नेल्या, म्हणजे पंख्याची घरघर आणि भांड्यांचा दणका कमी. मधल्या वर चढवल्या. शेवटच्या पट्टीला हात लावू नका म्हणाली, तिथे नुसती सळसळ येते.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "ऐकू येतंय का? आयुष्यभर सांगितलेलं कधी ऐकलं नाहीत, आता पेटी लावून ऐकणार म्हणे."

ऐकू आलं. लख्ख ऐकू आलं, आणि मी मान खाली घातली. लेकीला वाटलं बाबांना भरून आलं. भरून आलंच होतं, पण तो आवाज मला ओळखू आला नव्हता. जाडसर, खरखरीत, कुठल्यातरी म्हाताऱ्या बाईचा. माझ्या डोक्यात ती अजून त्या शेडमधल्या आवाजात बोलत होती. माझं मलाच हसू आलं. माझा आवाज तरी कुठे तोच राहिला असेल.

पण माणसाचं मन ऐकत नाही. लेक गेल्यावर एका दुपारी मी शेवटची पट्टी वर नेली. सळसळ आली, बंद खोलीत सुताच्या लडी घसराव्यात तशी. आणखी वर नेली. सळसळीच्या मागून तोच आवाज आला. बारीक, ताणलेला.

"अहो."

ही समोर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मी हसून म्हणालो, "काय गं?"

तिने मान वर केली. तिचे ओठ म्हणाले, "कुठे काय? मी काही बोलले नाही."

मला वाटलं, यंत्राचा काहीतरी घोळ. लेकीने सांगितलं होतं की आवाज हवेतून येतो, कधी कधी जरा मागे पडतो. मागचं काहीतरी आत्ता आलं असेल. पण संध्याकाळी जेवताना हिचे ओठ विचारत होते, "मीठ कमी झालंय का?" आणि कानात येत होतं, "किती वाट बघायला लावलीत..."

ओठ वाचण्यात मी चुकत नाही. सगळा जन्म त्यात गेलाय. ओठ एक आणि आवाज दुसराच, असं मी कधी पाहिलं नव्हतं. हातातला घास हातातच राहिला. शेवटची पट्टी खाली आणली तेव्हा परत म्हातारा, खरखरीत आवाज आला आणि ओठांशी जुळला. "कमी असेल तर वरून घ्या," असं म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी पट्टी परत वर नेली. नेऊ नये हे कळत होतं. पण त्या आवाजात एक गारवा होता. आम्ही आयुष्यात जे बोललो ते घाईचं, दोन पाळ्यांच्या मधलं. हा आवाज निवांत होता. त्या दिवशी वीज गेली तेव्हा कशी लाज वाटली ते त्याने सांगितलं. मी कुठल्या रंगाचा सदरा घातला होता ते सांगितलं. आणि मग म्हणाला, "तिच्या ओठांकडे बघू नका. घोटाळा होतो. डोळे मिटा, म्हणजे नीट ऐकू येईल."

मी डोळे मिटले.

लेक आली तेव्हा मी तिला डबी लावून बघायला सांगितलं, बाकी काही बोललो नाही. तिने ऐकलं, पट्टी बघितली, आणि ती लहान मुलाला रागवावं तशी मला रागावली. नुसती सळसळ आहे म्हणाली, यंत्राची स्वतःची, एवढी वर कशाला नेता, उरलासुरला कान जाईल. तिने पट्टी खाली केली. मी तिला दारापर्यंत सोडलं, परत आलो आणि वर केली.

माझ्या दुपारी अशा जायला लागल्या. खुर्ची, मिटलेले डोळे, तो आवाज. एकदा डोळे उघडले तर ही समोर उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिचे ओठ हळू हलले, शेडमध्ये मुकादमाच्या पाठीमागे हलवायचो तसे.

"हल्ली तुम्ही माझ्याकडे बघतच नाही."

मी म्हणालो, "अगं, कानांनी ऐकतो ना आता. बघायची गरज काय?"

ती हसली नाही. तिची नजर डबीकडे गेली आणि ती काठी टेकत आत गेली. ती गेल्यावर कानात आवाज आला, अगदी हलक्याने.

"ती बाई कोण आहे हो... घरात?"

मी हेडफोन ओढून काढले आणि हात धुऊन आलो. हात कशाला धुतले ते मला अजून कळत नाही. दोन दिवस डबीला शिवलो नाही. पण हिनेच आठवण केली. कपडे वाळत घालायला मागच्या अंगणात जाते, डबी लावून बसा, म्हणाली. तिला पडायची भीती वाटत होती. मला हाक ऐकू जाईल एवढाच तिला आधार होता. मी डबी लावली. पट्टी खालीच होती. अगदी खाली होती, मी नीट बघितलं होतं.

तरी सळसळ आली.

"बसा हो. डोळे मिटा. मी आहे ना इथे..."

मी डोळे मिटले. आवाज बोलत राहिला. त्याच्या मागे, फार लांब, काहीतरी खरखरत होतं. जाड, तुटक. मला वाटलं पंखा असेल. आवाज म्हणाला, "तिकडे लक्ष देऊ नका." मी नाही दिलं.

मला उठवलं ते वासाने. दूध करपल्याचा वास घरभर झाला होता. डोळे उघडले तर खोलीत धूर, आणि दूध बघायला ही आली नव्हती. मी धावलो. मागच्या दाराच्या पायऱ्यांवर ती आडवी पडली होती. फोन तिच्या खिशातून निसटून दगडावर फुटला होता. तिचं तोंड उघडं होतं, ओठ एकच शब्द करत होते, "अहो, अहो," आणि त्यांत आवाज उरला नसावा, कारण शेजारचा माणूस कुंपणापलीकडे होता आणि त्यालाही काही कळलं नव्हतं.

दैव बरं, हाड शाबूत होतं, नुसता मुका मार. डॉक्टर येऊन गेला. तिला खुर्चीवर बसवलं, पाय उशीवर ठेवला. डबी माझ्या कॉलरलाच राहिली होती, हेडफोन गळ्यात लोंबत होते. काढावेत म्हणून मी हात लावला तर त्यांतून सळसळ येत होती. मी एक कानाशी नेला.

"परत आली का ती?"

फोन तर दोन तुकडे होऊन टेबलावर पडला होता.

मग मी तिला सगळं सांगितलं. तिच्यासमोर पाटावर बसलो, तोंड तिच्याकडे केलं आणि पहिल्या दुपारपासून सगळं सांगितलं. मागून कुणीतरी खरखरत होतं, ती तूच होतीस, हेही सांगितलं. मला तो आवाज नको, असं म्हणालो. मला तुझे ओठ पुरतात.

मग तिने हात पुढे केला. "द्या इकडे. कोण सटवी आहे ती मला बघू दे."

मी नको म्हणालो. ती म्हणाली, "फोन फुटलाय. त्यात काय येणार आहे?" तिला माझी समजूत काढायची होती, तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं. घाबरलेल्या मुलाला पलंगाखाली काही नाही हे वाकून दाखवतात तसं. मी डबी दिली.

तिने हेडफोन कानात घातले. मी तिच्या ओठांवर नजर ठेवली. आधी ते घट्ट मिटलेले होते, कोपऱ्यात थोडं हसू होतं, माझ्यासाठीचं. मग हसू गेलं. कपाळावरच्या आठ्या एक एक करून सुटल्या. दुखरा पाय तिने उशीवरून खाली घेतला, दुखत नसल्यासारखा. तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि ओठ हलले.

"तुम्ही?... इतक्या दिवसांनी?"

"अगं," मी म्हणालो, "काढ ते."

ती ऐकत होती. हळूहळू मान हलवत होती. मग कुणीतरी काहीतरी विचारलं असावं, कारण तिने माझ्याकडे पाहिलं. दवाखान्यात बाकावर शेजारी बसलेल्या माणसाकडे पाहतात ना, तसं पाहिलं.

"हो," तिचे ओठ म्हणाले. "आहे एक म्हातारा. समोर बसलाय."

मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला, अगदी सभ्यपणे, परक्या माणसाच्या हातातून सोडवतात तसा. डबी आपल्या गाऊनच्या गळ्याला लावली. उठली. काठी खुर्चीला टेकलेली होती, तिच्याकडे तिने बघितलंही नाही. माझ्याकडे पाठ करून ती सरळ चालत आतल्या खोलीत गेली. पाठमोऱ्या माणसाचे ओठ मला वाचता येत नाहीत.