राजेसाहेबांच्या वाढदिवसाची कढी

"शमे, चल लवकर! कढीचं ताक हिरवं पडलंय!" बाजी ओरडतच शमाच्या अंगणात घुसला. मागून त्याची धाकटी बहीण सुंदरा धापा टाकत आली.

"ताक कधी हिरवं असतंय व्हय? डोळं धुऊन ये जा!" शमा म्हणाली खरी, पण ती हसली नाही. गेल्या वर्षभरात ती फारशी हसलीच नव्हती.

तिचे अब्बा, इलाहीभाई, हे पौडातले कल्हईवाले, तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कथिलाचा थर देणारे. गेल्या दिवाळीनंतर गावातल्या कुशाबांच्या घरच्या लग्नात जेवण बाधलं. पन्नास माणसं आजारी पडली. कुशाबांचा छोटा नातू वाल्मीक तर महिनाभर अंथरुणाला खिळला. कल्हई कच्ची होती, असं गावानं ठरवून टाकलं. गावाला ठरवायला वेळ कितीसा लागतो! तेव्हापासून अब्बांच्या भट्टीकडे कोणी फिरकेना. त्याहून वाईट म्हणजे अब्बांनाही ते पटलं होतं. "माझाच हात चुकला आसंल," एवढंच ते म्हणत.

यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत शेंदूरगडचे राजेसाहेब डाकबंगल्यात उतरले. संस्थानिकांचे सरकारी तनखे बंद होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, पण गावाच्या लेखी ते अजून राजेच! त्यांचा साठावा वाढदिवस गावानं अंगावर घेतला आणि सगळ्या पंचक्रोशीला जेवणाचं आवतण दिलं. जवळ दुसरा कल्हईवाला नव्हता, म्हणून तांब्याची दोन मोठी पातेली नाइलाजानं अब्बांकडे आली. "या खेपंला बाधलं, तर हे गाव सोडायचं," असं अब्बा अम्मीला सांगत होते. ते शमानं ऐकलं होतं.

म्हणूनच आता ती जिवाच्या आकांतानं धावली. आभाळ सकाळपासून कोंदलेलं होतं. मंडपात पंगती बसायला लागल्या होत्या.

"पहाटं आमीच ताक आणून दिलं," सुंदरा पळता पळता सांगत होती. "दुधावानी पांढरं हुतं गं!"

मंडपामागे चुलीवरून उतरवलेली कढी होती. शमानं वाकून पाहिलं. काठाला खरंच हिरवट कड धरली होती! शेजारचं दुसरं पातेलं रिकामं होतं. आतून ते लालभडक चकाकत होतं.

"परवा ही दोन्ही आतून चांदीवानी पांढरी हुती! भाता मीच ओढलाय. मग कल्हई गेली कुटं?"

"भुतानं चाटली आसंल!" बाजी म्हणाला.

"गप रे! हे बग काय!" सुंदरानं कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथं नारळाच्या शेंड्या आणि विटकरीच्या भुग्याचा ढीग पडला होता. पलीकडे कामाला आलेल्या रंभाबाई हात चोळत बसल्या होत्या.

"रंभाकाकू, ह्यानं काय घासलं?" शमानं विचारलं.

"पातेली की! भिवाजी म्हणला, राजा बगणार, तर भांडी आतनं-भायेरनं लाल झाली पायजेत. काल दिसभर चौघी घासत हुतो. हात सोलले बाई!"

शमानं भुग्याची चिमूट उचलून पाहिली. "कल्हईच खरवडून काढली! आंबट ताक तांब्याला लागलं की कळकतं. इख हुतं त्याचं!"

तिघं धावत भिवाजीकाकांकडे गेली. ते वाढदिवस समितीचे प्रमुख. छातीवर हा एवढा बिल्ला!

"काका, कढी वाढू नगा! कळकलीय ती!"

"बापाचं पाप झाकाया आलीस व्हय?" ते खेकसले. "कोथमीर हाय ती! निघा हितनं!"

"पातेलंच उलथू या!" बाजी म्हणाला.

"मग म्हणतील, मुद्दाम सांडली," शमा म्हणाली. तिला रडू येत होतं. "आणि खापर पुन्हा अब्बांवरच!"

"आमचा आजा सांगतो," सुंदरा हळूच म्हणाली, "राजानं घास घ्यायच्या आदी यजमानानं चाखायचा, आशी रीत हुती."

शमानं डोळे पुसले. कढीची वाटी भरली आणि ती थेट राजेसाहेबांपुढे जाऊन उभी राहिली. राजेसाहेब मंचावर हारांच्या ओझ्याखाली एकटेच, उदास बसले होते.

"राजेसाहेब, तुमच्या आदी यजमानानं चाखायचं, ही रीत ना?"

"होती खरी. आता कोण पाळतं, बाळ?"

"आमचं गाव पाळतं! भिवाजीकाका, घ्या!"

हजार डोळे भिवाजीकाकांवर खिळले. आता नाही कसं म्हणणार! त्यांनी घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि थूऽ करून टाकला!

"कळकलीय!" ते ओरडले. "इलाह्यानं पुन्हा दगा दिला! कच्ची कल्हई!"

मंडपाच्या टोकाला अब्बा मान खाली घालून उभे होते. 

"बाजी, आण रे!" शमा किंचाळली. बाजी-सुंदरानं रिकामं पातेलं गडगडत आणलं. "मधी लाल हाय. पण काठाच्या वळणाखाली घासताना हात पोचत न्हाई. तितं बगा!"

राजेसाहेब खाली उतरले. त्यांनी वाकून बोट फिरवलं. "इथं कल्हई पांढरीशुभ्र आणि पक्की आहे. मधली कोणी काढली?"

रंभाबाईंनी रडत रडत सगळं सांगितलं. भिवाजीकाकांचा चेहरा पडला.

"माझ्या डोळ्यांना चकाकी दिसावी म्हणून!" राजेसाहेब खिन्नपणे म्हणाले. "माझ्या वाढदिवसाला केवढा घात झाला असता! पोरांनो, तुम्ही शेकडो माणसं वाचवलीत." आपल्या गळ्यातला हार काढून त्यांनी शमाच्या गळ्यात घातला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कढी खड्ड्यात पुरली. दुसऱ्या भांड्यांतला भात आणि बुंदी वाढायची ठरली.

तेवढ्यात कुशाबा पंगतीतून उठले. ते अब्बांपुढे येऊन उभे राहिले.

"इलाहीभाई, लग्नाच्या आदल्या दिशी आमच्या सुनांनीबी पातेली विटकरीनंच घासली हुती. चांगली दिसावी म्हणून मीच सांगितलं हुतं. कल्हई त्यानंच गेली, हे आत्ता उमगलं."



"म्हंजी," अब्बांनी आपल्या हातांकडे पाहिलं, "माझा हात चुकला नव्हता?"

"न्हाई."

आता अब्बा हसतील, असं शमाला वाटलं. पण ते मटकन खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडू लागले.

"वरीसभर तुमच्या दारावरनं मान खाली घालून गेलो, कुशाबा. रोज नमाजात त्या लेकराची माफी मागितली. त्याच्याकडं बगायची हिंमतच झाली न्हाई."

 कुशाबा पंगतीत गेले आणि नातवाला, वाल्मीकला, हाताला धरून घेऊन आले. त्यांनी त्याला अब्बांसमोर उभं केलं. अब्बांनी मान वर केली आणि वर्षभरानं प्रथमच त्या पोराच्या तोंडाकडे पाहिलं.