बंद बोनेटमधलं डिझेल

करिष्मा ऑफिसात आली ती बसलीच नाही. उभ्या उभ्याच बोलायला लागली.

"माह्या नवऱ्याले भर चौकात चोर म्हटलं, मॅडम. हाटेलासमोर. सारे चहा पिऊन राह्यले होते."

"आधी बस," समता म्हणाली. "कोनं म्हटलं?"

"धामणगाव बढ्याच्या मानिकराव सरांनं. माहा नवरा प्रेम त्याह्यच्या गाडीवर ड्रायव्हर होता. सर म्हनते, त्यानं टाकीतलं डिझेल चोरलं अन् इंजिनात ओतलं. रविवारपर्यंत कबूल कर, नाईतं पोलिसात देतो."

समता पूर्वी विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासायची. ते सोडून तिनं बुलढाण्यात खाजगी तपासाचं काम सुरू केलं. सोबतीला निवृत्ती. माणूस सोन्यासारखा, पण गोष्ट दोनदा सांगावी लागते.

निवृत्तीनं डोकं खाजवलं. "इंजिनात डिझेल नाई टाकाचं तं काय टाकाचं?"

"टाकीतलं डिझेल जाळायले असते, निवृत्तीभाऊ. इंजिनाच्या पोटात वेगळं ऑइल असते, वंगणाचं. त्यात डिझेल गेलं की ऑइल पातळ होते. मंग इंजिन घासून घासून मरते."

"म्हनजे कोनं मुद्दाम मारलं?"

"तेच पाहायचं आहे." ती करिष्माकडे वळली. "गुन्हा दाखल झाला तर काय जाईल तुमचं?"

आता करिष्मा खुर्चीत बसली. "एसटीत निवड झाली त्याची. पोलिसांची पडताळणी तेवढी बाकी हाय. नाव ठाण्यात गेलं का संपलं सारं."

समतानं गाडीची चावी उचलली.

* * *

माणिकराव रिटायर्ड हेडमास्तर. घर धामणगाव बढ्यात, मोठ्या अंगणाचं. अंगणात पांढरी डिझेल गाडी उभी, धुतलेली, चकचकीत.

"मी पुराव्याशिवाय बोलत नाही," ते म्हणाले. "गाडी ओढेना. इंजिन खडखड करे. हर्षल मेकॅनिकनं ऑइलची पट्टी काढून पाह्यली. ऑइल खुणेच्या वर! अन् डिझेलचा वास. ऑइल कमी होते, मॅडम. वाढत नाही. वाढलं म्हणजे कोणीतरी टाकलं. दुसरीचं पोरगं सांगन."

"बोनेट बाहेरून उघडते?"

"नाही. आतून खटका ओढावा लागते. गाडीले लॉक. चावी दिवसा प्रेमजवळ, रात्री आमच्या हिच्या कपाटात."

"अन् चोरीचं?"

"पहिले टाकी फुल केली की गाडी किती जाये, अन् आता किती जाते! डिझेल कुठं चाललं मग?"

"पण प्रेम असं कायले करन?"

"एसटीच्या चाचणीसाठी त्यानं सुट्टी मागितली. मी नाही म्हटलं. तोंड पाडून गेला."

"आजकाल गाडी कुठं कुठं जाते, सर?"

"कुठं जाते! बँक, विहार, कृषी केंद्र, घर. गावातल्या गावात. लांब कुठं जाणंच नाही."

"असं होतं तर ड्रायव्हर कायले ठेवला?" निवृत्तीनं मधेच विचारलं.

माणिकरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं घरचा अभ्यास न केलेल्या पोराकडे पाहतात. निवृत्ती गाडीचे टायर पाहायला गेला.

कलाबाई पाणी घेऊन बाहेर आल्या. माणिकरावांच्या पत्नी. समता त्यांच्यासोबत स्वयंपाकघरात गेली.

"पोरगं तसं नाई वं," कलाबाई हळूच म्हणाल्या. "पन गाडीचं काहीतरी बिघडलंच हाय. अंगनात येऊन बंद केली तरी पंखा ओरडत राह्यते, गिरनीसारखा. अन् गरम लोखंडाचा वास. म्या कपडे तिकडून काढून मांगच्या दोरीवर नेले."

"पहिल्यापासून?"

"नाई. मनाली, आमची पोरगी, जळगावले शिकत होती, तवा काहीच नव्हतं. दर आठवड्याले डब्बा घेऊन जाओ आमी. आता तिले नागपुरात नोकरी लागली. ते ट्रॅव्हल्सनं येते. जळगावचं जानं सुटलं."

* * *

हर्षलचं गॅरेज मोताळा रोडवर. हात काळे, जीभ मोकळी.

"मले इचारता? सर दोन वर्षं माह्या गॅरेजकडं पाह्यतही नव्हते. नवी गाडी म्हने कंपनीच्याच सर्व्हिसिंगले जाते. आता अडलं तवा आठवला हर्षल!"

"म्हणजे राग होता," समता म्हणाली.

"हाव, होता. म्हनून मी डिझेल ओतीन? अन् खोलू कायनं, दातानं? चावी कुठं हाय माह्याजवळ?"

"ऑइल टाकायचं झाकण कसं होतं?"

"कसं म्हनजे? धुळीचा थर बसला होता. फडक्यानं पुसलं, मंग खोललं. सवय हाय माही, आत कचरा जाऊ नाई म्हनून."

"आसपास डिझेल सांडलेलं?"

"थेंब नाई."

बाहेर आल्यावर निवृत्ती म्हणाला, "मॅडम, मले हाच वाटते. लयच बोलते."

"चोर झाकणावरची धूळ आपल्याले सांगत नसते, निवृत्तीभाऊ."

* * *

प्रेम घरातच होता. पाच मिनिटं तर तो डोकंच वर करेना.

"सर रागावले, त्याचं नाई काही. पन चौकात..." तो थांबला. "काय इचारायचं ते इचारा."

"पंखा ओरडे, वास ये. तेव्हा तू काय करायचा?"

"बंद करो. सरांचा हुकूम. वास आला का जागीच बंद कर, बोनेट खोलू नको, थंडी होऊ दे. पहिले सरांजवळ जुनी जीप होती. राजूरच्या घाटात तिचं पानी उकळे. तवाचं त्याह्यच्या डोक्यात बसलं, तापली का बंद. इकडं साऱ्याहीचं तसंच हाय, मॅडम. माहा बापही तेच सांगे."

"स्टिअरिंगसमोर पिवळा दिवा लागत होता?"

"हाव. सरांले दाखोला. ते म्हने, दिव्यानं कोनाची गाडी थांबली बे आजपर्यंत?"

समता पहिल्यांदा हसली.

* * *

करिष्माला अन् हर्षलला सोबत घेऊन ती थेट माणिकरावांकडे परत गेली.

"सर, तुम्ही निवडणुकीत ड्युटी केली असन."

"केंद्राध्यक्ष होतो. किती तरी वेळा."

"मग पेटी सील करता येते. हर्षल आत्ता नवीन ऑइल टाकन, खुणेबरोबर. तुम्ही बोनेट सील करा. चावी तुमच्याजवळ. गाडी तुम्हीच चालवा, रोजच्यासारखी. वास आला की रोजच्यासारखी बंद करा. प्रेम या अंगणात पाय ठेवणार नाही. फक्त रविवारची मुदत पुढच्या रविवारवर न्या."

"अन् ऑइल वाढलं नाही तर?"

"तर ठाण्यात मी स्वतः तुमच्यासोबत येईन."

करिष्मानं समताचा हात ओढला. माणिकराव मात्र खूश झाले. हर्षलनं ऑइल बदललं. बोनेटच्या फटीवर त्यांनी कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, त्यावर लाख वितळवली, सही केली. 

परतीच्या वाटेवर निवृत्ती म्हणाला, "मॅडम, त्या पोराची नोकरी जुगारावर लावली तुमी."

"जुगार नाही," समता म्हणाली. पण घाट चढेपर्यंत तिनं रविवारपर्यंतचे दिवस दोनदा मोजले.

* * *

पुढच्या रविवारी अंगणात सगळे जमले. प्रेम फाटकाबाहेर उभा राहिला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

माणिकरावांनी चष्मा लावून लाख पाहिली, सही पाहिली. "सील शाबूत आहे."

"तुम्हीच फोडा."

माणिकरावांनी लाख फोडून बोनेट उघडलं. हर्षलनं ऑइलची पट्टी ओढली, पुसली, परत घातली, परत ओढली. मग नुसता पाहत राहिला.

"बोल ना बे!" माणिकराव ओरडले.

"वाढलं, सर. खुणेच्या वर चाललं." त्यानं पट्टी नाकाशी नेली. "डिझेलच हाय."

निवृत्ती दोन पावलं मागं सरकला. "भुताटकी हाय का बावा?"

"भूत नाही," समता म्हणाली. "झाकणावर धूळ होती, म्हणजे ते कोणी उघडलंच नव्हतं. डिझेल बाहेरून आलं नाही, तर आतूनच आलं. अन् आत डिझेल टाकणारा एकच असते. खुद्द इंजिन."

"इंजिन स्वतःचंच वाटोळं करन?" माणिकराव म्हणाले.

"ते स्वतःले साफ करून राह्यलं होतं, सर. नवीन डिझेल गाडीच्या धुराड्यात जाळी असते, काजळी धरणारी. जाळी भरली की इंजिन जास्तीचं डिझेल सोडते, त्या गरमीनं काजळी जळते. पंखा ओरडते, वास येते, तो याचाच. पण त्याले लांबचा, एकसारखा रस्ता पाहिजे. जळगावले जात होते तोवर काजळी रस्त्यातच जळून जाये. म्हणून तेव्हा त्रास नव्हता. आता घर ते बँक. इंजिन तापत नाही तोच बंद. काजळी जाळायले सुरुवात केली, वास आला, की तुम्ही बंद. दुसऱ्या दिवशी परत तेच. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली झिरपते अन् ऑइलात जाते."

"अन् चोरीचं डिझेल?" कलाबाईंनी विचारलं.

"तेच हे. काही जाळीत जळलं, काही ऑइलात गेलं. टाकीतून कमी झालं अन् इंजिनात वाढलं, ते एकच डिझेल आहे, काकू. पिवळा दिवाही जाळी भरल्याचाच होता. प्रेमनं दाखवला होता."

हर्षलनं पट्टी परत जागेवर खोचली.

माणिकराव बोनेटवर हात ठेवून उभे होते. "जीपले वाचवलं मी असंच," ते पुटपुटले. "किती वर्षं वाचवलं."

"जीपले ते बरोबर होतं, सर. इले नाही."

शेवटी त्यांनी फाटकाकडे पाहिलं. "प्रेम, चुकलं माझं. एसटीचं होईपर्यंत ये कामावर. ठाण्यात मी जात नाही आता."

प्रेम आत आला नाही.

"सर, तुमी मले शिकोलं. तुमच्यावर राग नाई." या वेळी त्यानं मान खाली घातली नाही. "पन चोर म्हटलं चौकात, अन् चुकलं म्हनता अंगनात. पडताळनीले पोलीस येईन तं चौकातच इचारन, पोरगं कसं हाय म्हनून. अंगनात कोन येते इचाराले?"

"प्रेम!" करिष्मा दबक्या आवाजात म्हणाली.

"बोलू दे त्याले," कलाबाई म्हणाल्या. "खरं बोलून राह्यला."

माणिकरावांनी टोपी सारखी केली. चप्पल पायात घातली. हर्षल लगबगीनं गाडीचं दार उघडायला गेला.

"राहू दे," ते म्हणाले. "चालत जातो."

ते पुढे, प्रेम चार पावलं मागे. हॉटेलासमोर रविवारची गर्दी. अर्धे त्यांचेच जुने विद्यार्थी. सरांना पाहून दोघांनी बिड्या लपवल्या.

माणिकराव बरोबर मधोमध उभे राहिले. प्रेमला हाताला धरून शेजारी ओढलं.

"कप खाली ठेवा बे सारे," ते म्हणाले. वर्गात म्हणायचे तसंच, मोठ्यानं. "मले काही सांगायचं आहे."