आतला माणूस

"हात लावू नका!"

लालासाहेबांनी मला आयुष्यात पहिल्यांदा ऐकवलेलं वाक्य हे. विश्रामबागेत पावसाची सर आली म्हणून मी त्यांच्या रेडिओदुरुस्तीच्या टपरीच्या पत्र्याखाली शिरले होते. दचकून हात मागं घेतला... अन् मग कळलं, ते मला नव्हतेच म्हणत. एका उघड्या रेडिओत बोटं घालून बसले होते, अन् स्वतःलाच बजावत होते. जरा उशिराच. पुढच्या क्षणाला करंटचा झटका, स्टूल एकीकडे, अन् फौजी मिशांचा हा उंच माणूस माझ्या पायाशी बसलेला.

"लय लागलं का?"

"न्हाई... रोजचं हाय."

एवढं बोलून त्यांनी वर बघितलं. सर थांबली तरी मी तिथंच उभी होते, हे मला घरी गेल्यावर कळलं.

घरी म्हणजे घरमालकीण रंगूबाईंच्या वाड्यासमोरच्या अंगणातली एक खोली. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. दिवसभर कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची. संध्याकाळी कुलूप काढलं की सकाळी अर्धी राहिलेली चहाची बशी जिथल्या तिथं. तिला हलवायलाही कुणी नाही. कोरेगावला आमचं घर माणसांनी भरलेलं, पण तिथं 'जेवलीस का' विचारायला कुणाला सवड नव्हती. थोरल्या भावानं नोकरीला पाठवलं ते एका अटीवर, "एक वावगा शब्द कानावर आला, तर उचलून आणीन."

आठवड्यानं मी माझा रेडिओ घेऊन टपरीवर गेले.

"काय बिघडलंय?"

"काही नाही. मी घरी आले की आपोआप लागायला पायजे."

"दिव्याचं बटण दाबलं की रेडिओ. सोप्पं हाय."

"लगेच नको." बोलावं की नको... पण बोलले. "लगेच लागला तर यंत्र वाटतं. मी दिवा लावावा, चपला काढाव्या, तोंड धुवावं... मग लागावा. आतनं कुणीतरी उठून लावल्यावानी."

लालासाहेबांनी स्क्रूड्रायव्हरनं कान खाजवला.

"किती वेळानं उठंल त्यो?"

"कोण?"

"आतला माणूस."

मला हसू आलं. "फार आळशी नको. पण लय तत्पर बी नको, संशय येतो."

मग काम सुरू झालं, अन् मीही रोज बघायला जायला लागले. एक डबी हळूहळू करंटनं भरायची. भरली, की रिले नावाचा चौकोनी ठोकळा टक्कन ओढला जायचा, अन् रेडिओची तार जुळायची. निदान पुस्तकात तरी तसं होतं. टपरीवर पहिल्या दिवशी धूर निघाला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पिठाच्या गिरणीचा फ्यूज गेला.

"फौजेत सिग्नलला होता ना तुमी?" मी विचारलं.

त्यांनी इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "लंगरला हुतो, बाई. सगळ्या पलटणीच्या चपात्या लाटत हुतो."

"मग हे?"

"सुटून आलो, तर लोक रेडिओ घिऊन दारात हुबे. फौजी म्हंजे वायरलेस आलंच. कुणी इचारलंच न्हाई, मग मी बी... पुस्तक आणलं." पुस्तक मिटत म्हणाले, "सैपाक मातूर अजून पलटणीचाच हुतोय. एकट्याचा अंदाजच यीना. रोज उरतं."

"उरलेलं काय करता?"

"बघत बसतो."

दुसऱ्या दिवशी मी रिकामा डबा घेऊन गेले. नुसता टेबलावर ठेवला. त्यांनी तो इतका ठासून भरला, की झाकण बसेना.

रिलेला रेडिओची तार जोडायला तीन पाय होते. एकावर इंग्रजीत 'नो' लिहिलेलं.

"इथं नो म्हणतंय," लालासाहेब गंभीरपणे म्हणाले. "फौजेत नो म्हंजे नो. ह्याला सोडून दुसऱ्याला जोडू."

मी मॅट्रिक पास. मीही मान हलवली.

रविवारी त्यांनी ते खोलीत बसवलं. तेवढ्यात लाइट गेली, तपासणार कसं? मला भाच्याच्या बारशाला कोरेगावची एसटी गाठायची होती. "लागंल वो, बिनघोर जावा," ते म्हणाले. मी दाराला कुलूप घातलं अन् गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले तर अंगणात निम्मी आळी गोळा झालेली. मध्ये रंगूबाई, कमरेवर हात.

"आत कोण हाय गं?"

"कुठं?"

"तुझ्या खोलीत! तू गेलीस, लाइट आली, तवापास्नं बाप्या बोलतोय. सकाळी भजन, दुपारी उसाला खत किती घालायचं त्ये, सांजच्याला बातम्या. मी दार वाजवलं, तर वळख न्हाई की देख न्हाई, आपलं बोलतोयच!"

"आवं, रेडिओ हाय त्यो!"

"कुलपाआड रेडिओ कुणासाठी लावलास?"

मी दार उघडलं. आत खरंच एकजण उसावरच्या खोडकिडीवर बोलत होता. मी दिवा लावला. चपला काढल्या... अन् टक्! तो बोलता बोलता गप्प.

"बघा!" रंगूबाई कडाडल्या. "हिला बघितलं अन् गप झाला. वळखीचाच हाय!"

लोक कॉटखाली वाकले, पिंपात डोकावले. कुणी सापडलं नाही, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली. रंगूबाईंनी निकाल दिला, "उद्या खोली सोडायची. तुझ्या भावाला सांगावा धाडते, यिऊन घिऊन जाऊ दे." भाऊ आला की नोकरी संपली. मग कोरेगाव, अन् त्या गर्दीत पुन्हा मी एकटी.

कुणीतरी लालासाहेबांना बोलावून आणलं. ते धावत आले ते पुस्तक काखोटीला मारूनच. रिले बघितला, पानं उलटली, अन् त्यांचा चेहरा पडला.

"रंगूबाई, चूक माझी हाय. 'नो' म्हंजे न्हाई नव्हं. 'नॉर्मली ओपन'. एरवी उघडा, करंट आला की जुळणारा. मी इनाकारण नकार समजलो... अन् उलट्या पायाला जोडलं."

"तुमी लगेच नकार समजता का हो?" माझ्या तोंडून हळूच गेलं.

त्यांचे कान लाल झाले. रंगूबाईंना मात्र त्यातलं अक्षर कळलं नव्हतं.

"ते पाय-बिय ऱ्हाऊ द्या. आतला माणूस कोण, त्येवढं सांगा!"

लालासाहेबांनी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला, परत काढला, पुन्हा घातला.

"मीच हाय."

अंगणात "अगं बया!" झालं.

"म्हंजे... अजून न्हाई," ते घाईघाईनं म्हणाले. "पर बाई म्हणत्याल तर... व्हावं म्हणतो. सिग्नलचा न्हाई हो, लंगरचा हाय मी. हे बी सगळ्यांम्होरं सांगून टाकतो."

सगळे माझ्याकडं वळले. इतकी माणसं एकदम माझ्या बोलण्याची वाट बघत होती... असं कधी झालं नव्हतं.

"रंगूबाई," मी म्हणाले, "भावाला बोलवाच. पर मला न्यायला न्हाई. बोलणी करायला."

भाऊ आला, बोलणी झाली, अन् दिवाळीनंतर लग्न झालं. ते त्याच खोलीत राहायला आले. टपरी लवकर बंद करून चपात्या लाटायला बसतात, त्यामुळं रंगूबाईंना नवा विषय मिळाला.

लग्नानंतर पहिल्यांदा कामावरनं आले, तेव्हा पर्समध्ये किल्ली असूनही मी दार वाजवलं.

"कोण हाय?" आतनं आवाज आला.

हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी गोंधळले, अन् एक्स्चेंजमधल्या दिवसभराच्या सवयीनं तोंडून निघालं, "नंबर प्लीज?"

आत परातीचा मोठा खणखणाट, अन् पाठोपाठ,

"एकच हाय की, बाई! थांबा जरा... हाताला कणीक हाय."

मी थांबले. त्यांनी कडी काढली तेव्हा दोन्ही मिशांना पीठ लागलेलं होतं, अन् मी पायरीवर उभी राहून हसत होते... की रडत, हे रंगूबाई आजही आळीभर विचारत फिरतात.