फोटोवालीचं ताट

"ओ मॅडम, सोडा आता नवरानवरीला! भात गार झाला माझा!"

सुलक्षणानं बटण दाबलं आणि नेमका तेव्हाच फ्रेममध्ये एक झारा घुसला. नवरा, झारा, नवरी — असा फोटो आला! झाऱ्यामागे एक उंच, सावळा मुलगा. खांद्यावर टॉवेल, कपाळावर घाम आणि डोळे... डोळ्यांचं नंतर सांगते. कारण सुलक्षणाला ते तेव्हा दिसलेच नाहीत. ती भडकली होती.

"नवरीच्या मामाकडचे राहिलेत अजून. आणि स्टेजवर झारा कोण आणतं हो?"

"फोटोवाली ऐकंना झाली की आणावा लागतो. सगळा मांडव जेवून उठला, ह्या दोघांचीच पंगत ऱ्हायली. नवरी हसती का रडती तेच कळंना!"

"दादा, जिलेबी उरलीय ना?" नवरीनं हळूच विचारलं, आणि अख्खं स्टेज हसलं. सुलक्षणालाही हसू आलं. ते लपवायला तिनं कॅमेरा डोळ्याला लावला.

हे झालं मार्गासनीच्या लग्नात. झारेवाला म्हणजे हिर्डोशीचा माऊली, लग्नाचा आचारी.

सुलक्षणाचं भोरमध्ये फोटोचं छोटंसं दुकान. त्या भागात लग्नाचे फोटो काढणारी मुलगी ती एकटीच, आणि हे नाव तिनं स्वतः कमावलेलं. म्हणून ती कुणालाच नाही म्हणायची नाही. सकाळी भाटघरच्या पाण्याकाठी प्री-वेडिंग, दुपारी वेल्ह्यात लग्न, परत येऊन पासपोर्ट फोटो, मग अल्बम. एकदा नाही म्हटलं की गिऱ्हाईक जातं, आणि जाताना शेजाऱ्यालाही घेऊन जातं, असं तिचं पक्कं मत. तिच्या बॅगेत सगळं जादा असायचं. जादा बॅटरी, जादा कार्ड, जादा फ्लॅश. आणि एका कप्प्यात ॲसिडिटीच्या गोळ्या. डॉक्टर म्हणाले होते, "वेळेवर जेवा, पुरेसं झोपा." ती म्हणाली होती, "सीझन संपला की."

त्या उन्हाळ्यात तिथी दाट होत्या. त्यामुळे झारा आणि कॅमेरा पुन्हा पुन्हा समोरासमोर यायचेच.

"मॅडम, दोन घास खाऊन घ्या."

"आत्ता नको, कानपिळी चाललीय."

"आता?"

"सप्तपदी!"

"आता तरी?"

"ग्रुप फोटो!"

ताट तसंच परत जायचं. एका लग्नात मात्र माऊली हसला नाही.

"भरलं ताट माघारी आलं की लागतं ओ मनाला. वाटतं, आपल्या हातालाच चव न्हाई."

"चव आहे हो," ती घाईघाईत म्हणाली.

"तुमाला काय म्हाईत? चाखलीय कुठं?"

तिनं कॅमेरा खाली घेतला. आणि तेव्हा तिनं ते डोळे पहिल्यांदा पाहिले. धुरानं लालसर झालेले... पण बघणं असं, की समोरच्याला वाटावं, आपण उपाशी आहोत हे याला कळलंय.

मग आलं भाटघरचं लग्न. मंगलाष्टकं सुरू झाली, सुलक्षणा स्टुलावर चढली. आदल्या दिवसापासून पोटात नुसता चहा. शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता उडाल्या, अंतरपाट खाली आला — आणि तिचे हात थरथरले. तिनं स्क्रीनवर पाहिलं. सगळं पुसट. नवरा पुसट, नवरी पुसट, हार पुसट. आता काय, भटजींना म्हणणार, अंतरपाट परत धरा?

बाकीचे फोटो तिनं कसेबसे काढले आणि स्वयंपाकाच्या पालामागे जाऊन ती रडली. माऊलीनं पाण्याचा तांब्या आणि पत्रावळीवर भात-आमटी पुढ्यात ठेवली.

"आधी जेवा. रडायला बी जोर लागतो."

ती जेवली. आमटी गरम होती, आणि चव... चव होती! पत्रावळ रिकामी झाल्यावर ती म्हणाली, "अंतरपाटाचा फोटो हलला, माऊली." आजवर ती त्याला 'ओ आचारी' म्हणायची.

"कुणाला कळलंय का?"

"नाही. पण मीच सांगते. अल्बममध्ये दिसण्यापेक्षा आज तोंडावर बरं."

नवरीचं नाव सोनिया. तिचे वडील ऐकून कळवळले, "अगं पोरी, ह्योच तर फोटो पायजे हुता!" सुलक्षणा खाली मान घालून उभी राहिली. सोनियानं कॅमेरा हातात घेतला, बराच वेळ बघत राहिली.

"बाबा, मला तेव्हा असंच दिसत होतं. डोळ्यांत पाणी होतं ना..."

फोटो अल्बममध्ये राहिला. वडिलांची नाराजी मात्र गेली नाही, आणि सुलक्षणा ती सोबत घेऊनच घरी गेली. नवरी समजूतदार निघाली म्हणून आपला हात स्थिर होत नाही, एवढं तिला कळत होतं.

पुढच्या आठवड्यात वेल्ह्याहून फोन आला. एकाच दिवशी सकाळी साखरपुडा, संध्याकाळी त्यांच्याच भावकीत हळद.

"साखरपुडा घेते," ती म्हणाली. "हळदीचं... नाही जमणार."

"मग दोन्हीला दुसरा बघतो आम्ही."

आणि गिऱ्हाईक गेलं. खरंच गेलं! वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्या संध्याकाळी तिनं आईच्या हातची गरम भाकरी खाल्ली, आणि गोळीची आठवणही झाली नाही. तेव्हापासून लग्नाची बोलणी करताना ती एक अट घालायला लागली — अक्षता पडल्या की फोटोवाली पहिल्या पंगतीला बसणार.

सीझनचं शेवटचं लग्न वेल्ह्याला होतं. अंतरपाटाचा फोटो असा लख्ख आला की हवेतल्या अक्षता मोजून घ्याव्यात! सुलक्षणा पंगतीला बसली. माऊली भाताचं घमेलं घेऊन वाढत आला आणि थबकला. तिच्या शेजारी एक पत्रावळ मांडलेली, आणि जागेवर कॅमेऱ्याची बॅग.

"ही जागा कुणाची?"

"तुम्ही कधी जेवता हो?"

"मी? आचाऱ्याचं वासानंच पोट भरतं."

"खोटं. माझ्या फोटोंत मागे कुठंतरी तुम्ही असता. सगळ्या लग्नांत. एकाही फोटोत जेवताना नाही."

"सगळ्या लग्नांत?" त्याचे कान लाल झाले. "मी कसा काय येतो फोटोत?"

"कॅमेरा... भरकटतो कधीकधी."

"भरकटतो, का वळवता?"

तिनं बॅग उचलून मांडीवर घेतली.

माऊलीनं घमेलं दुसऱ्या वाढप्याच्या हातात दिलं आणि मांडी घातली. वाढप्यानं वाढलेला भात कालवता कालवता तो म्हणाला,

"सुलक्षणा..." मॅडम नाही, सुलक्षणा! "मला रोज असं शेजारी बसून जेवायचंय. तुझ्यासंगं."

"रोज? तिथी नसली तरी?"

"तिथी नसली तर लई निवांत."

तेवढ्यात स्टेजवरून नवरदेवाचा मामा ओरडला, "ओ फोटोवाल्या ताई! नवरानवरी ताटकळलेत!" पालातून हाक आली, "माऊली, आमटीचं बघा की!"

सुलक्षणानं घास गिळला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"जेवतोय आम्ही! भात गार होतो!"