गाडीखाली कुणीच वाकलं नाही

साहेब, तुम्ही वाकला नाहीत! दरवर्षी आरटीओत पासिंगला ती पांढरी, उंच गाडी तुमच्यापुढे उभी राहिली. तुम्ही हॉर्न वाजवून घेतलात, दिवे बघितलेत, टायरला बुटाची लाथ मारलीत आणि कागदावर शिक्का हाणलात... पण पँटची इस्त्री मोडेल म्हणून एकदाही गुडघे टेकून तिच्या पोटाखाली डोकावला नाहीत! आणि त्याची सजा भोगली फुजैलने. चार वर्षं!

जून २००८ची ती सकाळ. चार वर्षांत पहिल्यांदाच फुजैल आपल्या थोरल्या भावाच्या, हारुनच्या अंगणात धापा टाकत उभा होता, आणि समोर गाडीचं इंजिन सुरू होतं. आत हारुनची मुलगी महरीन, मांडीवर दहावीचा निकाल घेऊन, रत्नागिरीच्या कॉलेजात नाव घालायला निघालेली!

"भाय, गाडी बंद कर. एसटीने जा."

"बाजूला हो," हारुन स्टिअरिंगवरून गरजला. "एकदा पोरीचा पाय मोडलास, आता कॉलेज पण मोडतोस?"

फुजैल हलला नाही.

ती गाडी हारुनने नव्याण्णव साली मुंबईहून जुनीच आणली होती, वाडी ते रत्नागिरी पॅसेंजर मारायला. खाऱ्या वाऱ्याने पत्रा खाल्ला जाऊ नये म्हणून हा जातिवंत होडीवाला दर मे महिन्यात तिला ओंडक्यांवर चढवायचा, तळ खरवडायचा आणि होडीला लावतात तसं मुशी माशाचं तेल स्वतःच्या हाताने सढळ चोपडायचा. लोक हसायचे. "हारुनभाय, शीड कधी लावतोस?" पण पत्रा खरंच गंजला नाही!

आणि दोन हजार चार साली, फुजैल चालवत असताना, उताराच्या वळणावर ब्रेक लागलाच नाही. गाडी दगडी गडग्यावर आदळली. बारा वर्षांच्या महरीनचा पाय कायमचा अधू झाला. "बेफिकीर! खुनी!" म्हणत हारुनने भावाला घराबाहेर काढलं.

आठवड्याने मिरजोळ्याच्या विठू मेस्त्रीने फुजैलला ब्रेकचा फुटलेला रबरी पाइप दाखवला. तेलाने फुगलेला, कुजलेला... पत्रा वाचवणाऱ्या त्याच तेलाने रबर खाल्लं होतं! फुजैलने विठूचे हात धरले. "भायला सांगू नको. तो जगायचा नाही." त्या दिवसापासून विठू दर मे महिन्यात काहीतरी निमित्त काढून गाडी बोलवायचा, ते पाइप बदलायचा, आणि खुनी हा शब्द फुजैल निमूटपणे वागवत राहायचा.

पण यंदा विठू ऑपरेशनसाठी एप्रिलपासून मुंबईत होता, गॅरेजला कुलूप... आणि हे फुजैलला कळलं आज सकाळी!

"तू सरकतोस का चढवू अंगावर?"

"चढव! पण पोरीला आधी खाली उतरव!"

दारात मरियमभाभीने तोंडावर पदर दाबला. महरीन लंगडत उतरली, चाचाजवळ येऊन उभी राहिली. "अब्बा, त्या दिवशी चाचाचा पाय ब्रेकवरच होता. मी बघितलं होतं. चार वर्षं सांगतेय, तुम्ही ऐकलंत कधी?"

इंजिन बंद झालं.

हारुन उतरला, गुडघ्यांवर बसला, पुढच्या चाकामागे हात घातला. पाइप त्याच्या बोटांत भिजलेल्या सुक्या बोंबलासारखा मऊ लागला. हात बाहेर आला तेव्हा तो तेलकट होता. त्याने वास घेतला... आणि तो पांढराफटक पडला.

"तेलाचं काय नाय रे भाय," फुजैल घाईघाईने म्हणाला, "रबरच जुनं..."

"गप! माझा हात मला कळत नाही?" हारुनचा आवाज चिरकला. "तुला ठाऊक होतं? चार वर्षं? आणि मी तुला... मेल्या, बोलला का नाहीस!"

"पोर त्याच हातचा घास खात मोठी झाली, भाय... त्या हाताकडे तू उभ्या जन्मात बघू शकला असतास?"

हारुनने महरीनच्या अधू पायावर कपाळ टेकलं आणि तो धाय मोकलून रडला! "अब्बा, उठा," तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "एसटी चुकेल." त्याने चाचपडत फुजैलची बाही पकडली, आणि मग ती सोडलीच नाही.

उठल्यावर त्याने गाडीतून पासिंगचा कागद काढला. शिक्का गेल्याच आठवड्यातला, तळाला तेल ओलं असतानाचा. गाडी सुस्थितीत!

"माझा गुन्हा माझ्या मानेवर," डोळे पुसत तो म्हणाला. "पण हा शिक्का मारणाऱ्याला विचारायचंच. चल, दोघं जाऊ. आधी पोरीचं नाव घालू, मग आरटीओत."

साहेब, ते निघालेत. एसटीत पोरीच्या दोन बाजूंना दोघे भाऊ बसलेत, फुजैलच्या हातात गाडीखालून कापून घेतलेला तो पाइप आहे, हारुनच्या हातात तुमचा शिक्का. अडाणी होडीवाल्याला रबराचं ठाऊक नव्हतं. तुम्हाला तर त्याचाच पगार होता. गुडघे का वाकले नाहीत तुमचे? उत्तर द्या!