पडल्यावर हात वर

"तिसऱ्या मजल्यावरून पडला आणि कॉलर नीट करतोय! मेल्याला हाडं आहेत की रबर?"

थिएटरच्या अंधारात ती पुटपुटली. हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालणारी पोर ती. साध्या पायरीवरून घसरलेलेही कसे विव्हळतात, रोज ऐकायची. आणि हेरगिरीच्या त्या सिनेमात नायक उठसूट मरणाच्या दारात जात होता, प्रेक्षक जांभया देत होते. खलनायक तर बंदूक रोखून आपला सगळा बेत सांगत बसला, जसा गप्पा मारायलाच आलाय!

शेजारचा तरुण हसला. "रबर नाही हो... हाडंच. ती उडी माझी आहे. नायकाच्या जागी पडणारा मीच."

तिनं मान वळवली. पडद्याच्या उजेडात हनुवटीवर जुना व्रण... आणि डोळे मिश्कील.

"लागलं नाही?"

"खाली गाद्या असतात. पडलो की आधी हात वर करायचा — धडधाकट आहे, हे कळायला. सिनेमात तेवढं कापतात."

"तिथंच तर घोडं अडलं! सिनेमात ह्या नायकासाठी कुणाचाच जीव खालीवर होत नाही. मग आपला कशाला होईल?"

तो हनुवटीवरचा व्रण चोळत म्हणाला, "माझ्यासाठी तरी कुणाचा होतो..."

झालं! त्या दिवसापासून तिचा व्हायला लागला. भेटीगाठी वाढल्या, तशी धास्तीही. दवाखान्यात स्ट्रेचर आलं की ती आधी हनुवटी बघायची. आई करवादली, "जमिनीवर चालणारे पुरुष संपले का गं?"

शेवटी ती शूटिंगला त्याची उडी बघायला गेली. बघवलं नाही, तर आजच सगळं संपवायचं, असं ठरवून. गच्चीच्या काठावर तो इवलासा दिसला.

तो पडला. गाद्या धप्प वाजल्या.

हात... वर आलाच नाही.

ती धावली. एक चप्पल वाटेतच राहिली. तो उताणा पडलेला, डोळे उघडे, चेहरा पांढराफटक.

"हात का नाही वर केलास? मेले असते ना मी!"

"उचलेचना..." तो कसाबसा म्हणाला. "इतकी वर्षं कधी भ्यालो नाही. आज काठावरून तू दिसलीस... हातपायच गळाले गं."

तिनं त्याची बोटं, मनगट, कोपर चाचपलं. सगळं शाबूत. तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

"भ्यालास ना? बरं झालं. भिणारा माणूस जपून उडी मारतो."

मग त्याच्या बोटांत बोटं गुंफून तिनं तो हात उंच धरला.

"धडधाकट आहे!" ती सगळ्यांना ओरडून म्हणाली... आणि हळूच, फक्त त्याला — "आणि माझा आहे."